कोलकात्यात हरवलेला फोकस

आत्याचं भवानीपूरचं घर रिकामं व्हायला पाच दिवस उरले होते आणि माझ्या कॅमेऱ्यात तिचा एक फोटो धड येत नव्हता.

आत्या १९७८ साली लग्न होऊन कोलकात्याला आली. आतोबा इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. हाजरा मोडपासून पाच-सात मिनिटं चाललं की हे घर. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, हिरव्या पट्ट्यांच्या उंच लाकडी खिडक्या आणि वळणाचा जिना. जवळच हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. गणपतीत तिथं जाऊन मोदक करायचे आणि महिन्याभरात शेजारणींबरोबर दुर्गापूजेच्या तयारीला लागायचं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. आता आतोबा नाहीत आणि मुलगा पुण्यात. शनिवारी सामान उचलणारे येणार होते.

"सगळ्याचे फोटो काढ," तिनं मला फोनवरच सांगितलं होतं. "खिडक्यांचे, जिन्याचे, पूजेआधीच्या शहराचे. आणि एक माझा. नीट."

त्या ‘नीट’ला कारण होतं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये माझे बाबा इथं राहून गेले. ती त्यांची शेवटची कोलकाता भेट. बहिणीचे त्यांनी शंभरावर फोटो काढले आणि जवळजवळ सगळ्यांत तिचा चेहरा धूसर आला. आम्ही सगळे त्यांना हसलो. "दादा, आता तुझा हात थरथरतो," असं आत्याही म्हणाली. ते काही बोलले नाहीत. पुण्याला आल्यावर त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि नंतर कधी बाहेर काढलाच नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

तोच कॅमेरा मी घेऊन आले होते. जुना डीएसएलआर आणि त्यावर बाबांची आवडती ५० मिलिमीटरची लेन्स. सोमवारी दुपारी आत्या तिच्या वेताच्या खुर्चीत बसली, मी चार-पाच फोटो काढले आणि संगणकावर मोठे करून पाहिले. चेहरा धूसर.

"घराण्यातच आहे वाटतं," आत्या म्हणाली. ती हसली, पण मला हसू आलं नाही.

आधी साध्या गोष्टी

फोकस बिघडला की माणूस लगेच ‘कॅमेरा गेला’ म्हणतो. पण आधी साध्या गोष्टी तपासायच्या असतात. त्या मी संध्याकाळी गच्चीत बसून एकेक तपासल्या.

लेन्सच्या बाजूला ‘एएफ’ आणि ‘एमएफ’ अशी छोटी कळ असते. एएफ म्हणजे कॅमेरा आपोआप फोकस करणार, एमएफ म्हणजे आपण हातानं. पिशवीतून काढताना ही कळ नकळत सरकते. माझी जागेवर होती.

बॅटरी उतरलेली असेल तर लेन्सची मोटर मंदावते. ती भरलेली होती. लेन्स काढून तिच्या मागचे धातूचे ठिपके पाहिले. याच ठिपक्यांतून कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात. तिथं घाम किंवा धूळ बसली की बोलणं तुटतं. कोरड्या मऊ कापडानं ते हलकेच पुसले.

डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवायचं. ते बाबांच्या डोळ्याला लावलेलं होतं, त्यामुळे मला आतलं सगळंच अंधुक दिसत होतं. फिरवल्यावर दृश्य लख्ख झालं. क्षणभर वाटलं, सापडलं! पण या चाकाचा फोटोशी संबंध नसतो. ते फक्त आपल्या डोळ्यासाठी असतं. खिडकीतून अंधुक दिसतंय पण फोटो स्पष्ट येतोय, असं असेल तरच दोष त्या चाकाचा. माझं उलटं होतं.

मग ठरवलं, उद्या शहरात जाऊन हा कॅमेरा कुठं चुकतो आणि कुठं नाही, ते पाहू.

मेट्रोतून बाहेर, काचेवर धुकं

मंगळवारी सकाळी जतीन दास पार्क स्टेशनवरून मेट्रो पकडली. भारतातली पहिली मेट्रो कोलकात्याची, १९८४ सालची. डब्यात थंडगार हवा होती आणि कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. शोभाबाजार सुतानुटीला उतरून वर रस्त्यावर आले आणि पहिल्याच दृश्याला कॅमेरा नुसता घुर्रघुर्र करत राहिला. लेन्स पुढं-मागं व्हायची, पण थांबायची नाही. काच पाहिली तर तिच्यावर धुकं जमलेलं.

सप्टेंबरात कोलकात्याची हवा ओल्या टॉवेलसारखी असते. फ्रिजमधला ग्लास बाहेर काढला की त्याला जसं पाणी सुटतं, तसंच थंड लेन्सचं होतं. धुक्याआडून कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मग फोकस कशावर करणार? ओढणीनं पुसू नये, कारण काचेवर ओरखडे पडतात आणि धुकं पुन्हा जमतं. लेन्स काढून पाहायचा मोहही टाळावा, नाहीतर दमट हवा आत शिरते. खरा उपाय आधीचा: थंड जागेतून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीत बंद ठेवायचा आणि वीस-तीस मिनिटं त्याला बाहेरच्या हवेइतकं कोमट होऊ द्यायचं. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा घेतला आणि मग आणखी एक. तेवढ्यात काच निवळली.

कुमारटुलीत डोळे नसलेली देवी

कुमारटुली म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. बनमाली सरकार स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना अरुंद, अंधाऱ्या कार्यशाळा आणि त्यांत दाटीवाटीनं उभ्या देवी. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीनं बांधलेलं भाताचं तूस-पेंढ्याचं शरीर, वर मातीचे थर. कुठं दहा हात आहेत पण बोटं नाहीत, कुठं सिंह आहे पण आयाळ नाही. रंग लागायचा होता, त्यामुळे सगळं एकाच राखाडी रंगात. डोळे सगळ्यांत शेवटी रंगवतात. त्याला चक्षुदान म्हणतात आणि परंपरेनं ते महालयेच्या दिवशी होतं.

एका कारागिराला विचारलं, फोटो काढू का? त्यानं हातातला चिखल न पुसताच मान हलवली. मी कॅमेरा उचलला आणि इथं मला ऑटोफोकसचे तीन धडे मिळाले.

पहिला बांबूचा. देवीच्या पुढं एक बांबू आडवा होता. फोटोत बांबू सुरेख आला आणि देवी धूसर. कॅमेऱ्याला फोकसची जागा स्वतः निवडायची मुभा दिली की तो बहुतेक वेळा सर्वांत जवळची ठळक वस्तू धरतो. आपल्याला देवी हवी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून मेनूत जाऊन फोकसचा एकच ठिपका निवडायचा आणि तो हवा तिथं ठेवायचा.

दुसरा मातीचा. ठिपका देवीच्या सपाट गालावर ठेवला तर लेन्स पुन्हा पुढं-मागं. कॅमेऱ्याला गाल दिसत नाही आणि देवीही दिसत नाही. त्याला दिसतात त्या फक्त कडा, म्हणजे उजेड आणि अंधार भेटतात त्या रेषा. कडा जिथं स्पष्ट, तिथं त्याचा फोकस. राखाडी गालावर, ढगाळ आकाशावर, पांढऱ्या भिंतीवर कडाच नसतात. मग ठिपका हनुवटीच्या कडेवर नेला, जिच्यामागं काळोख होता. बटण अर्धं दाबलं, ‘टिक’ आवाज झाला, बोट तसंच ठेवून चौकट नीट केली आणि बटण पूर्ण दाबलं. गाल, हनुवटी, सगळं स्पष्ट. अनेक जण बटण एकदम खटकन दाबतात आणि कॅमेऱ्याला बघायला वेळच देत नाहीत. अर्ध्या दाबानंतरचा तो क्षण त्याचा असतो.

तिसरा धडा काळोखाचा. आतल्या कोपऱ्यात उजेडच नव्हता. बहुतेक डीएसएलआरमध्ये मधला ठिपका सर्वांत तरबेज असतो, म्हणून अंधारात तो वापरावा. कारागिरानं माझी धडपड पाहून आपल्या मोबाईलचा टॉर्च देवीच्या कपाळावर धरला. फोकस झाल्यावर टॉर्च बंद केला आणि मग फोटो काढला. मूर्तीवर फ्लॅशचा झगझगाट नको होता.

गंमत म्हणून फोनही काढला. हल्लीचे फोन आणि नवे कॅमेरे चेहरा किंवा डोळा ओळखून त्यावर फोकस करतात. काही मूर्तींच्या चेहऱ्यावर फोननं चौकोन काढला, काहींवर नाहीच. डोळे यायचे होते ना!

बागबाजार इथून जवळ. तिकडं ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनं कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याची ही खूण. बंगालात त्या घोडेस्वारांना ‘बर्गी’ म्हणतात आणि बाळाला झोपवताना अजून त्यांची भीती घालतात. आत्या नवी नवरी म्हणून आली तेव्हा शेजारची आजी हसून म्हणाली होती, "बर्गी आली गं घरात!" तीच आजी पुढं तिच्या बाळंतपणात रात्र रात्र जागली.

झेंडूच्या ढिगावर

नदीवरून लाँचनं हावड्याकडं आले. समोर हावडा पूल, १९४३ सालचा. नटबोल्ट न वापरता रिव्हेट ठोकून जोडलेलं सुमारे २६,५०० टन पोलाद. दुपारच्या उन्हात, दूरवरून, पुलाचे सगळे फोटो स्वच्छ आले. फक्त एकदा ठिपका नेमका एकसारख्या उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जाळीवर पडला तेव्हा कॅमेरा गोंधळला. ऑटोफोकस दोन प्रतिमा जुळवून पाहतो. सारखीच नक्षी पुन्हा पुन्हा आली की कुठली पट्टी कुठलीशी जुळवायची, हे त्याला कळत नाही. ठिपका खांबाच्या बाहेरच्या कडेवर नेल्यावर लगेच जमलं.

पूल पायी ओलांडला. पुलावर कॅमेरा बाहेर काढू नकोस, पोलीस हटकतात, असं आत्यानं बजावलं होतं. खाली उतरलं की मल्लिक घाटाचा फुलबाजार. केशरी झेंडूच्या जाडजूड माळा डोक्यावर घेऊन हमाल धावत होते, पायाखाली चिखल आणि सगळीकडं ओल्या फुलांचा वास. मी झेंडूच्या ढिगावर ओणवी झाले, तर कॅमेरा बटण दाबूनच घेईना.

प्रत्येक लेन्सची एक सर्वांत जवळची मर्यादा असते. ५० मिलिमीटरच्या लेन्सची साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलं की कितीही प्रयत्न केला तरी फोकस होत नाही. वर्तमानपत्र नाकाला लावून वाचता येत नाही, तसंच. दोन पावलं मागं सरकले. तरीही फुलांचा नुसता गालिचा पाहून कॅमेरा चाचपडत होता, कारण बारीक पाकळ्यांची दाटी आणि सगळीकडं तोच रंग. शेवटी माळा बांधणाऱ्या बाईच्या हातावर ठिपका ठेवला. हिरव्या बांगडीची कडा त्याला चटकन सापडली. दिवसातला सर्वांत चांगला फोटो तोच.

डायनिंग टेबलावरचे डबे

रात्री आत्याबरोबर सगळे फोटो पाहिले. बाहेरचे बहुतेक चांगले होते आणि जे चुकले त्यांचं कारण मला आता सांगता येत होतं. पण घरातले, जवळून काढलेले, कमी उजेडातले फोटो अजूनही धूसर. ते का?

इथं थोडं गणित लागतं. लेन्सचं तोंड कमी-जास्त उघडतं, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. बाहेर उन्हात ते लहान असतं. तेव्हा पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट येतं आणि फोकस थोडा चुकला तरी झाकला जातो. घरात उजेड कमी म्हणून ते पूर्ण उघडलं की स्पष्ट दिसणारी पट्टी अगदी अरुंद होते. या कॅमेऱ्यावर, ५० मिलिमीटरच्या लेन्सनं, १.८ अ‍ॅपर्चरवर, एक मीटर अंतरावर ती जेमतेम ३ सेंटिमीटर असते. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतही पुरत नाही. तिथं चूक लपत नाही.

मग परीक्षा घ्यायची ठरवली. आत्याचे मसाल्याचे पाच डबे अजून बांधायचे होते. हळद, जिरं, मोहरी, पाँचफोडन, गोडा मसाला, असे टेबलावर तिरपे मांडले, प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा चार बोटं मागं. प्रत्येकावर तिच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी होतीच. कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर पक्का ठेवला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं आणि हाताचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. ठिपका बरोबर मधल्या, मोहरीच्या चिठ्ठीवर.

फोटोत मोहरी धूसर. पाँचफोडन एकदम लख्ख.

पुन्हा काढला. पुन्हा पाँचफोडन. पाचही वेळा तेच.

मग डोळा लावायची खिडकी सोडून मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढला, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये. या वेळी मोहरी लख्ख!

"म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

म्हणजे लेन्स चांगली होती आणि दोष कॅमेऱ्याच्या आत होता. डीएसएलआरमध्ये खिडकीतून पाहताना लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा एक भाग छोट्या आरशावरून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या वेगळ्या सेन्सरवर पडतो. फोकस तो ठरवतो. फोटो मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर उमटतो. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. आरशाचा कोन केसभर जरी सरकला, तरी खालचा सेन्सर ‘झालं’ म्हणतो आणि फोटोत फोकस मागं पडतो. याला बॅक फोकस म्हणतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य सेन्सरच फोकस पाहतो, म्हणून तिथं ही चूक होत नाही. काही महागड्या कॅमेऱ्यांत ही चूक मेनूतून सुधारता येते. बाबांच्या कॅमेऱ्यात ती सोय नव्हती.

मेट्रो गल्लीत

बुधवारी एस्प्लनेडला गेले. कोलकातेकर त्याला धर्मतला म्हणतात. इथल्या मेट्रो सिनेमाच्या बाजूची गल्ली म्हणजे कॅमेऱ्यांचा बाजार. नवे कॅमेरे, जुने कॅमेरे, पट्टे, पिशव्या आणि मधूनच एखादा दुरुस्ती करणारा. याच परिसरात ‘बोर्न अँड शेफर्ड’ हा जगातल्या जुन्या फोटो स्टुडिओंपैकी एक होता. १९९१ च्या आगीत त्याचा मोठा जुना संग्रह जळाला आणि २०१६ मध्ये तो कायमचा बंद झाला. त्या काळचे छायाचित्रकार काळ्या कापडात डोकं घालून काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा पाहत आणि फोकस हातानं जुळवत. बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा जपानच्या कोनिका कंपनीचा, १९७७ सालचा. म्हणजे आत्या कोलकात्याला आली त्याच्या आदल्या वर्षीचा. ‘आपोआप’ या शब्दाची आपल्याला सवय झाली, त्याला तसा फार काळ लोटलेला नाही.

दुरुस्तीवाले काका सत्तरीचे असतील. टेबल हातभर, त्यावर दिवा आणि भिंग. मी डब्यांचे फोटो दाखवले. त्यांनी मान डोलावली. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहिला. बुरशी नव्हती. दमट हवेत, बंद कपाटात लेन्स पडून राहिली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि तिच्यामुळेही फोटो मळकट येतात. बाबांनी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या. त्या कामी आल्या.

"कब से ऐसा है?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. "पहले बाबा का था," मी म्हटलं. "उनका हाथ काँपता था." आणि २०१९ चे फोटो फोनवर काढून दाखवले. आत्याच्या पेन ड्राइव्हवरून ते रात्रीच घेतले होते.

त्यांनी एक फोटो मोठा केला. मग दुसरा. मग तिसरा. भिंग बाजूला ठेवलं आणि फोन माझ्याकडं वळवला.

"दिदी, चेहरा मत देखिए. पीछे देखिए."

मी पाहिलं. आत्याचे डोळे धूसर होते. पण तिचा कान स्पष्ट होता. खांद्यामागं खुर्चीच्या वेताची वीण तर इतकी स्वच्छ होती की धागा न् धागा मोजावा.

"हाथ काँपता तो बेत भी काँपता," ते म्हणाले. "बाबा का हाथ ठीक था."

हात हलला की फोटोतलं सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसतं, दिव्यांच्या रेघा होतात, कडा दुहेरी होतात. फोकस चुकला की चौकटीत दुसरं काहीतरी स्पष्ट असतं. फरक इतका साधा. शंभर फोटोंत वेत स्पष्ट होता आणि आम्ही कुणी पाहिला नाही. आम्ही चेहरा पाहिला, तो धूसर दिसला आणि पंचाहत्तरीच्या माणसाला दोष देऊन मोकळे झालो.

"तीन घंटे बाद आइए," असं म्हणून काकांनी कॅमेरा उघडायला घेतला. त्यांना माझ्याकडं पाहायचं नसावं. बरंच झालं.

धर्मतल्याची ट्राम

तीन तासांनी त्यांनी माझ्यासमोरच भिंतीवरच्या पट्टीवर परीक्षा घेऊन दाखवली. आतल्या आरशाचा कोन त्यांनी दुरुस्त केला होता. एखाद्या धक्क्यानं किंवा वयानंही तो सरकतो, म्हणाले. हे काम घरी करू नये, स्क्रू केसभर जास्त फिरला तरी होतं ते जातं. डबे मांडून परीक्षा मात्र कुणालाही घेता येते, आणि ती घेऊन गेलं की दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचतो.

बाहेर ट्राम दिसली. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये आली आणि विजेची १९०२ मध्ये. एकेकाळी शहरभर रूळ होते, आता मोजकेच उरलेत. ट्राम संथ, पण आपल्याकडं येणारी. पहिला फोटो चुकला. या वेळी चूक माझी: कॅमेरा ‘सिंगल’वर होता. म्हणजे तो एकदा फोकस करून थांबला आणि तोवर ट्राम पुढं आली. चालत्या वस्तूसाठी ‘कंटिन्युअस’ फोकस लावायचा. मग बटण अर्धं दाबून ठेवेपर्यंत तो वस्तूचा पाठलाग करतो. धावणारी नातवंडं, अंगणातलं मांजर, शाळेच्या स्पर्धा, सगळ्यांना हेच. दुसऱ्या फोटोत ट्रामचा नंबर आणि ड्रायव्हरचं हसू, दोन्ही आलं.

फोनवर फोटो काढत असाल तर

दुखणी तीच आहेत, उपाय सोपे आहेत.

• आधी लेन्स मऊ कापडानं पुसा. बोटांच्या तेलकट ठशांमुळेही फोटो धूसर येतात.
• हव्या त्या जागी पडद्यावर बोट टेकवा. थोडा वेळ दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस तिथंच लॉक होतो.
• फार जवळ जाऊ नका. थोडं मागं सरका, मग थोडं झूम करा.
• गाडीच्या काचेतून काढताना फोन काचेला चिकटवा, नाहीतर काचेवरच्या थेंबांवर फोकस होतो.
• चुंबक असलेलं कव्हर किंवा लेन्सवरचं स्वस्त संरक्षक काढून एकदा फोटो घेऊन पाहा.
• फोटो बिघडला तर पुसायच्या आधी मोठा करा. काहीच स्पष्ट नसेल तर हात किंवा काच. दुसरंच काही स्पष्ट असेल तर फोकस.

खिडकीपाशी

घरी येऊन आत्याला सांगितलं. तिला बॅक फोकस वगैरे काही कळलं नसावं. मी २०१९ चा एक फोटो मोठा करून तिच्यापुढं धरला. आधी खुर्चीचा वेत दाखवला, मग कान. ती बराच वेळ पाहत राहिली.

"आईच्या कुड्या," ती म्हणाली.

त्या फोटोत तिच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या एकेक मोती मोजता येईल इतक्या स्पष्ट आल्या होत्या. आजीनं लग्नात तिला दिलेल्या. बाबांच्या त्या शंभर फोटोंत सर्वांत नीट आलं होतं ते तिच्या आईचं देणं, आणि पाच वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आपण उगाच बोललो दादाला," ती म्हणाली. "त्यानंही ऐकून घेतलं. बोलायचं तरी एकदा."

गुरुवारी सकाळी ती त्याच खुर्चीत बसली. हिरव्या पट्ट्यांची खिडकी अर्धी उघडली, म्हणजे उजेड एका बाजूनं यावा. मी ठिपका तिच्या जवळच्या डोळ्यावर ठेवला, बटण अर्धं दाबलं, ‘टिक’ ऐकलं, थांबले आणि मग दाबलं. डोळा, पापणी, डोळ्याकडच्या सुरकुत्या, सगळं आलं. वेत मागं मऊ धूसर झाला, जसा व्हायला हवा तसा.

शुक्रवारी खिडक्या, जिना, लाल जमीन, आणि डबे गेल्यावर टेबलावर उरलेल्या गोल खुणा, सगळ्यांचे फोटो झाले. शनिवारी सामान गेलं.

पुण्याला आल्यावर आत्यानं दोन फोटो मोठे करून चौकटीत लावले. एक माझा, खिडकीपाशी काढलेला. दुसरा बाबांचा, २०१९ चा, ज्यात तिचा चेहरा धूसर आहे. पाहुणे विचारतात, हा असा धूसर का लावलाय? ती त्यांना जवळ बोलावते आणि कानाकडं बोट दाखवते.